ऐकणाऱ्यांची फळी वाढवायची, तर त्यांच्या मागे कोण उभं राहणार?

गोव्यात माणूस एकटा पडत नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. वाड्यावरच्या एखाद्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागला नाही तर शेजारी येऊन विचारतात. चवथीला मुंबई-पुण्याची माणसं मूळ घरी जमतात, मर्तिकाला अख्खा वाडा धावून येतो. हे सगळं खरं आहे आणि ते टिकावं असं मलाही मनापासून वाटतं. पण याच जवळिकीची दुसरी बाजू आपण बोलून दाखवत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लहान राज्यात बँकेतला कॅशियर नात्यातला निघतो, आरोग्य केंद्रातली नर्स वहिनीच्या माहेरची, ठाण्यावरचा हवालदार शाळेतला वर्गमित्र. सुखाच्या दिवसांत या ओळखींमुळे कामं सोपी होतात. जीव नकोसा झालेल्या माणसाला मात्र यातल्या प्रत्येक ओळखीची भीती वाटते.

कॅसिनोत गेलेले पैसे, सुटत नसलेली दारू, मोडलेलं लग्न, नापास झाल्याचं घरी न सांगणं, बाळंतपणानंतर आईच्या मनात येणारे भलते विचार, म्हातारपणी मुलं परदेशी गेल्यावर रिकामं झालेलं घर. या गोष्टी आपल्या माणसांना सांगता येतात हा आपला समज आहे. अनेकदा त्या फक्त अनोळखी माणसालाच सांगता येतात, आणि तो अनोळखी माणूस शांतपणे ऐकून घेणारा, तोंड बंद ठेवणारा असावा लागतो. अशी माणसं गोव्यात आहेत. कूज ही संस्था वर्षानुवर्षं प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर आत्महत्या प्रतिबंधाचं काम करत आली आहे. संकटातल्या माणसाचं फोनवर ऐकून घेणारी ही सेवा वाढली पाहिजे, आतल्या तालुक्यांत पोहोचली पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत असेल असं वाटत नाही. दुमत व्हावं, चर्चा व्हावी, असा मुद्दा पुढचा आहे: वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं? फोनची संख्या आणि स्वयंसेवकांची नावं वाढवून ही सेवा वाढत नाही. ऐकणाऱ्याच्या मागे उभं राहणारी पक्की व्यवस्था आधी उभी करायला हवी, तिच्यासाठी सरकारनं पैसे द्यायला हवेत, आणि फोनवर काय बोललं गेलं यापासून सरकारनं लांब राहायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यातला प्रत्येक भाग आज दुर्लक्षित आहे.

या कामाची सुरुवात कशी झाली ते पाहिलं की स्वयंसेवकाचं महत्त्व कळतं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमधल्या चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूनं आपल्या चर्चमधला एक फोन आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी खुला केला. समुपदेशन आपणच करायचं, असा त्याचा बेत होता. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली, तेव्हा त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधी माणसं मदतीला आली. थोड्याच दिवसांत व्हाराच्या लक्षात आलं की बाहेरच्या खोलीत या माणसांशी बोलून झाल्यावर कित्येकांना आत येण्याची गरजच उरत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यानं ऐकण्याचं काम रीतसर स्वयंसेवकांच्या हाती दिलं आणि स्वतः त्यांना निवडण्याचं, सांभाळण्याचं काम घेतलं. त्यातूनच समॅरिटन्स ही संघटना वाढली. तिचं पाहून जगभर केंद्रं निघाली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली स्नेहा सुरू केली. व्हाराच्या या गोष्टीतला पहिला भाग सगळे सांगतात. मला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: तो स्वतः मागे सरला, पण निघून गेला नाही. ऐकणाऱ्यांना सांभाळण्याचं काम त्यानं आपल्याकडे ठेवलं.

फोनवर होतं काय, याबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत. स्वयंसेवक उपदेश करत नाही. ‘असं वाईट मनात आणू नका’, ‘मुलांचा विचार करा’, ‘देवावर भरवसा ठेवा’ ही वाक्यं तो बोलत नाही, कारण फोन करणाऱ्यानं ती आधीच सगळ्यांकडून ऐकलेली असतात आणि प्रत्येक वेळी त्याचं बोलणं तिथंच खुंटलेलं असतं. स्वयंसेवक विचारतो आणि थांबतो. हे थांबणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. समोरचा गप्प झाला की आपल्याला काहीतरी बोलावंसं वाटतं, मार्ग सुचवावासा वाटतो, आपल्या चुलत्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. प्रशिक्षणाचा मोठा भाग ही सवय मोडण्यात जातो. दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे सरळ विचारणं: जीव द्यायचा विचार मनात येतोय का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची असल्याचं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो, कारण इतके दिवस जे तोंडावर आणायचं धाडस नव्हतं ते कुणीतरी न घाबरता उच्चारलेलं असतं. घाबरलेल्या आईबापांनी, शिक्षकांनीसुद्धा हे लक्षात ठेवावं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता त्याच अंधारातून जात असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा १०८.

साधी, वैद्यकीय पदवी नसलेली माणसं असं नाजूक काम करू शकतात का, या प्रश्नाचं जगाला माहीत असलेलं एक उत्तर गोव्यातूनच गेलं आहे, आणि ते गोव्यातच फारसं कुणाला ठाऊक नाही. १९९६ साली इथं सुरू झालेल्या संगाथ या संस्थेनं गोव्यातल्या आरोग्य केंद्रांमध्ये स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर समुपदेशन सुरू केलं. ‘मानस’ या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाला होता. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पुढच्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, तीव्र नैराश्याचे सुमारे पाचशे रुग्ण होते. सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. समुपदेशन करणाऱ्यांत कुणीही डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हतं.

इथं एक फरक स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर मी वाचकाची दिशाभूल करीन. संगाथचे समुपदेशक पगारी होते आणि ते एका ठरावीक आजारावर ठरावीक पद्धतीनं उपचार करत होते. हेल्पलाइनवरचा स्वयंसेवक उपचार करत नाही, तो संकटातल्या माणसाला सोबत करतो. त्यामुळे ६४ टक्क्यांचा आकडा हेल्पलाइनच्या माथी मारता येणार नाही. मग या अनुभवातून घ्यायचं काय? त्या समुपदेशकांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण होत असे आणि सगळे नियमित एकत्र बसून ते ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत, चुका दाखवत. नवशिका माणूस तयार झाला तो या सततच्या देखरेखीमुळे. आठवड्याभराचं शिबिर घेऊन, प्रमाणपत्र देऊन, फोटो काढून माणसांना फोनपाशी बसवलं असतं तर असा निकाल मिळाला असता असं मला वाटत नाही.

म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ जेव्हा म्हणतात की अर्धवट शिकलेली माणसं नुकसान करतील, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं उभा राहतो. ही भीती खरी आहे. आजाराची लक्षणं न ओळखता महिनोन्‌महिने नुसतं बोलत राहणं, गोळ्या बंद करायला सांगणं, फोन करणाऱ्याच्या आयुष्यात गुंतून जाणं, आपलाच मोबाइल नंबर देऊन बसणं, हे सगळं घडू शकतं. पण यावर उपाय स्वयंसेवक नकोत हा नाही. बांबोळीची मानसोपचार संस्था आणि आतल्या गावातलं घर यांच्यामध्ये जे रिकामं आहे ते केवळ तज्ज्ञांनी भरता येणार नाही; तेवढे तज्ज्ञ देशातच नाहीत. शिवाय संकटातल्या प्रत्येक माणसाला मानसिक आजार असतोच असं नाही. ज्याला औषध लागतं त्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवणारं, आणि ज्याला औषध लागत नाही त्याच्यापाशी थांबणारं कुणीतरी हवं. तज्ज्ञांनी या कामात परीक्षक म्हणून बाहेर न राहता पाठीराखे म्हणून आत यावं. महिन्यातले काही तास स्वयंसेवकांच्या अडलेल्या प्रसंगांवर चर्चा करायला दिले, तर त्यांच्या ओपीडीतल्या कितीतरी तासांइतकं काम त्यातून होईल.

दुसरा आक्षेप असा की २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून टेली-मानस आहेच, मग वेगळी स्वयंसेवी सेवा कशाला? टेली-मानस चांगली सुरुवात आहे. तिच्यामागे आरोग्य खातं आहे, गरज पडली तर तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येतं. पण ज्याला सरकारी नोकरी जायची भीती आहे, ज्याच्यावर खटला आहे, जिचा नवरा खात्यात आहे, अशी माणसं सरकारी नंबर लावायला कचरतात. त्यांना दुसरं दार असलं पाहिजे. आणि फोनच्या त्या टोकाला पगारासाठी न आलेला, स्वतःचा संध्याकाळचा वेळ आपल्यासाठी काढून बसलेला माणूस आहे, हे कळल्यावर काहींच्या मनात जो विश्वास येतो तो दुसऱ्या कशानं येत नाही. दोन्ही सेवांनी एकमेकींकडे माणसं पाठवावीत. त्यात स्पर्धा कसली?

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे, आणि तो मला सत्तरी-डिचोलीत ऐकायला मिळतो. खाणी २०१२ साली बंद झाल्या, सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद झाल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं दारात उभ्या ट्रककडे बघत बसली. गॅरेजवाले, खानावळवाले, बार्जवरचे कामगार, सगळ्यांचं उत्पन्न एकाच झटक्यात थांबलं. अशा माणसाला फोनवर ऐकून घेऊन काय होणार, हप्ता कोण भरणार? प्रश्न रास्त आहे. ऐकून घेतल्यानं कर्ज फिटत नाही, आणि ज्या धोरणांनी माणसं अशी कोंडीत सापडतात त्यांची जबाबदारी कुठल्याही हेल्पलाइनवर ढकलता येणार नाही. सरकारनं रोजगाराचं, कर्जफेडीचं काम करायचं सोडून हेल्पलाइनचं उद्घाटन करावं, तर तिला माझा विरोध असेल.

पण कर्ज असलेले सगळेच जीव देत नाहीत, हेही तितकंच खरं. कर्जाच्या जोडीला लाज येते, लाजेपायी बोलणं बंद होतं, बोलणं बंद झालं की झोप जाते, दारू वाढते, आणि मग एका रात्री मरण हा एकच मार्ग दिसू लागतो. ती रात्र पुष्कळदा निघून जाणारी असते. आत्महत्येची तीव्र ओढ फार काळ त्याच टोकावर राहत नाही, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे जण जाणतात. त्या तासांमध्ये सोबत मिळाली तर बँकेशी बोलायला, हप्ते बांधून घ्यायला, भावाला खरं सांगायला माणूस उरतो. कर्जाचा प्रश्न सोडवायला आधी तो माणूस जिवंत असावा लागतो.

या सेवांचा परिणाम किती, याबद्दल प्रामाणिक असायला हवं. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात आत्महत्यांचं प्रमाण घटलं, तेव्हा त्याचं श्रेय समॅरिटन्सना दिलं गेलं. पुढे झालेल्या अभ्यासांत तो दावा टिकला नाही. घट व्हायला दुसरी मोठी कारणं होती. आजही एखाद्या भागात हेल्पलाइन सुरू झाली म्हणून तिथला मृत्युदर अमुक इतका उतरला, असं छातीठोक सांगता येत नाही. फोन चालू असतानाच बोलणाऱ्याची तगमग, मरणाची ओढ कमी होते, असं फोन ऐकून केलेल्या अभ्यासांतून मात्र दिसलं आहे. मला तेवढंही पुरेसं मोलाचं वाटतं. पण अनुदान मागताना भलते दावे करू नयेत. ते आज ना उद्या उघडे पडतात आणि मग चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो एका वेगळ्याच ठिकाणचा, आणि गोव्यानं विस्ताराची सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस रुग्णालयातून घरी जातो, तेव्हा त्याच्यामागे काय होतं? शरीर बरं झालं, डिस्चार्ज मिळाला, घरचे म्हणाले की आता तो विषय काढायचा नाही. पुढच्या काही आठवड्यांत हा माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो आणि नेमका तेव्हाच सगळ्यांच्या गप्प राहण्यात अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ माणसांवर एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. रुग्णालयातून सोडण्यापूर्वी तासभर नीट बोलायचं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस करायची, एवढंच त्यात होतं. दीड वर्षानंतर नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात आत्महत्येनं दगावलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. ते काम प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलं होतं, म्हणून गोव्यातही पहिलं बोलणं रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनीच करावं. पुढची विचारपूस मात्र त्या माणसाची लेखी संमती घेऊन, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अनुभवी स्वयंसेवकांवर सोपवता येईल. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं, या तीन ठिकाणी हे सुरू झालं तरी गोव्यातल्या अशा प्रयत्नांतून वाचलेल्या बऱ्याच जणांपर्यंत पोहोचता येईल. लहान राज्य असण्याचा एवढा मोठा फायदा दुसऱ्या कुठल्या कामात मिळणार आहे?

कायदाही आता आड येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं मानायला सांगितलं, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. तरीही घरची माणसं पोलिसांच्या भीतीनं ‘चुकून झालं’ असं सांगत राहतात. रुग्णालयात पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्याजवळ बसून ही भीती काढायला हवी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, म्हणजे लाखामागे १२.४. गोव्याचा दर देशाच्या सरासरीहून वर राहिलेला आहे. समुद्रकिनाऱ्यांच्या जाहिरातींत हा गोवा दिसत नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यासाठी गोव्याकडे वेळ फार थोडा आहे.

आता प्रत्यक्ष विस्ताराकडे येतो. पणजी, म्हापसा, मडगाव सोडून आत गेलं की अडचणी अगदी साध्या पण हट्टी असतात. वाळपईच्या बाईला पणजीच्या केंद्रावर संध्याकाळची पाळी द्यायची, तर परतीच्या बसचं काय? रात्रीच्या पाळीचं तर नावच नको. म्हणून स्वयंसेवकांवर चालणाऱ्या बहुतेक हेल्पलाइन ठरावीक तासच चालतात, आणि ज्याला रात्री दोनला बोलायचं असतं त्याच्यासाठी त्या बंद असतात. घरूनच फोन घ्यायची सोय करता येते, पण आपल्याकडच्या घरात दार लावून तासभर हळू आवाजात बोलायला स्वतंत्र खोली किती जणींना आहे? वाळपई, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण अशा तालुक्याच्या ठिकाणी एकेक खोली हवी, जिथं स्वयंसेवक चालत किंवा दुचाकीनं पोहोचतील. ती पंचायतीत किंवा आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात नको, कोण आत गेलं ते तिथं सगळ्यांना दिसतं. वाचनालयाचा वरचा मजला चालेल. म्हादई अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांवर मोबाइलची रेंजच धड मिळत नाही, तिथं फोन पुरणार नाही. तिथं आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविकांना निदान ओळखायला आणि पुढे पाठवायला शिकवावं लागेल, आणि त्या जादा कामाचे पैसेही द्यावे लागतील.

गुप्ततेचा प्रश्न गोव्यात इतर कुठल्याही राज्यापेक्षा अवघड आहे. इथं नाव न सांगताही माणूस ओळखू येतो. बोलण्याच्या धाटणीवरून तो पेडण्याचा की फोंड्याचा हे दोन वाक्यांत कळतं, आणि आजोळ, देवस्थान, कारखाना यांचा ओझरता उल्लेख झाला की घरही कळतं. म्हणून सत्तरीतून आलेला फोन सत्तरीतल्या स्वयंसेवकाकडे जाऊ नये, आणि आवाज ओळखीचा वाटला तर स्वयंसेवकानं तसं सांगून फोन दुसऱ्याकडे द्यावा, हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. गुप्तता कधी मोडली जाईल, म्हणजे जीव तातडीनं धोक्यात आहे असं दिसल्यावर कुणाला कळवलं जाईल, हेही फोन करणाऱ्याला आधी माहीत असलं पाहिजे.

याबाबत मला एक सूचना करावीशी वाटते. सिंधुदुर्गाशी हात मिळवावा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची मुलं रोज गोव्यातल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला येतात, तिथले रुग्ण बांबोळीला येतात, भाषा कळायला अडचण नाही. गोव्यातले फोन सिंधुदुर्गातल्या आणि तिकडचे फोन गोव्यातल्या स्वयंसेवकांनी घेतले, तर बोलणं आपल्याच भाषेत होईल आणि ऐकणारा आपल्या वाड्यावरचा नसेल. दोन राज्यं म्हटल्यावर कागदपत्रं वाढतील, पण संस्थांनी ठरवलं तर हे अशक्य नाही.

भाषेचं म्हणाल तर कोकणी आणि मराठी दोन्ही लागतील. घरी एक आणि वाचायला-लिहायला दुसरी, अशी आपल्यापैकी कित्येकांची स्थिती आहे, आणि रडू येतं तेव्हा माणूस ज्या भाषेत बोलेल ती भाषा ऐकणाऱ्याला कळली पाहिजे. कन्नड आणि हिंदी बोलणारे स्वयंसेवक तितकेच लागतील. वास्को, वेर्णा, कुंडईला राबणारी परप्रांतीय माणसं गोवेकरांच्या सुखसोयींसाठी इथं राहतात, आणि त्यांच्यामागे तर वाडाही नसतो. आपल्या माणसांसाठीच सेवा काढू, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

माणसं मिळतील का? गोव्यात ही शंका घ्यायचं कारण नाही. जत्रेतल्या नाटकासाठी महिना-महिना रात्री जागून तालमी करणारी, वास्कोच्या सप्ताहात पाळ्या लावून अखंड भजन चालवणारी आपली माणसं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कुणी बघत असो वा नसो, हजर राहायचं हा संस्कार त्यांच्यात आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, मुलं मोठी झालेल्या गृहिणी, जहाजावरून कायमचे परतलेले तारवटी यांना कुणी नीट विचारलेलंच नाही. तारवट्यांना तर महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अर्थात, इच्छा आहे म्हणून प्रत्येकाला घेता येणार नाही. स्वतः नुकत्याच दुःखातून गेलेल्याला थांबायला सांगावं लागेल, उपदेशाची हौस असलेल्याला नम्रपणे परत पाठवावं लागेल. गावातल्या प्रतिष्ठित माणसाला ‘नाही’ म्हणणं लहान समाजात कठीण असतं, म्हणून निवड बाहेरच्या माणसांनी करावी.

आणि मग पैसा. स्वयंसेवक मानधन घेत नाही, म्हणून सेवा फुकटात चालते, असा समज सरकारी कचेऱ्यांत घट्ट बसला आहे. पाळ्या लावणारा, आजारी पडलेल्याच्या जागी दुसरा शोधणारा, रात्रीचा कठीण फोन संपल्यावर स्वयंसेवकाशी बोलणारा पूर्णवेळ समन्वयक पगारी लागतो. समॅरिटन्सकडे पाळी संपली की घरी जाण्यापूर्वी प्रत्येकानं ऐकलेलं ओझं पाळीप्रमुखापाशी उतरवून जायचं, असा रिवाज आहे. आपल्याकडे स्वयंसेविका तेच ओझं घेऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागेल, आणि काही महिन्यांनी काहीतरी कारण सांगून यायची बंद होईल. तिला कुणी दोष देऊ नये. तिच्यामागे कुणी नव्हतं, हे खरं कारण असेल.

सरकारनं संस्थांना किमान पाच वर्षांचं अनुदान एकदम मंजूर करावं, दरवर्षी हात जोडायला लावू नये. समन्वयक, देखरेख करणारे तज्ज्ञ, तालुक्यातल्या खोल्या, रात्रीची वाहतूक यांसाठी ते असावं. हिशेब जरूर तपासावेत. फोनचे तपशील मात्र कुठल्याही खात्याला, कुठल्याही कारणानं मागता येऊ नयेत, आणि किती फोन घेतले यावर अनुदान ठरू नये. आकड्यावर पैसे मिळू लागले की फोन लवकर ठेवले जातील, आणि जो माणूस पहिली वीस मिनिटं नुसता रडतो त्याची पाळी तिथंच संपेल. त्यापेक्षा स्वयंसेवक किती काळ टिकतात, त्यांच्याबरोबर महिन्यातून किती वेळा बसलं जातं, रात्रीचे किती तास भरले जातात, हे विचारावं. पहिल्या तुकडीतले काही जण गळतीलच. कुणाचं घर बदलेल, कुणाला झेपणार नाही. त्यांची जागा घेणारी दुसरी तुकडी तोवर तयार असायला हवी, म्हणून प्रशिक्षण १० सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनापुरतं न राहता वर्षभर, दर काही महिन्यांनी चालायला हवं, आणि त्याची तरतूद पहिल्याच प्रस्तावात लिहिलेली असायला हवी.